आधी नाडी, मग फिर्याद

फिर्याद घेऊन कुणीही आलं, की आमच्या ठाण्यातले रशीद जमादार पेन उचलायच्या आधी त्याचं मनगट धरायचे. मग नजर घड्याळावर.

"लई जोरात पळून राहिली," एकदा ते म्हणाले.

"कुठं दिसली?" समोरचा उठूनच उभा राहिला. त्याची म्हैस चोरीला गेली होती.

"म्हैस न्हाई हो, नाडी. बसा, पाणी प्या. मग लिहू."

मी शिपाई म्हणून नवीनच हजर झाले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला जप्तीच्या खोलीत नेलं. तांदळाचं एक पोतं आडवं करून म्हणाले, "हा बेशुद्ध माणूस. दाब छाती."

मी दाबायला लागले.

"पोरी, पोळ्या लाटून राहिलीस का? कोपर सरळ ठेव!"

पाठीमागे सगळे त्यांना कंपाउंडर म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं. "ताब्यातल्या माणसाची तब्येत सांभाळणं कायद्यानं आपलं काम हाय, मेहेरबानी न्हाई," एवढंच ते म्हणायचे.

एका बाजारच्या दिवशी मारामारीतला एक जण पकडून आणला. ठाण्याच्या पायरीवरच तो कोसळला.

"नाटक करून राहिलाय," कुणीतरी हसलं. "थांबा, साहेबांना विचारून येतो," म्हणत दुसरा आत गेला.

जमादार तोवर गुडघ्यांवर बसले होते. "बेडी काढ! अँब्युलन्स बोलाव!" दोन्ही हात छातीवर ठेवून ते मोजत दाबू लागले. घामानं निथळले तेव्हा मला म्हणाले, "आता तू." मी दाबत राहिले. कुणी हसत नव्हतं. अँब्युलन्स आली तेव्हा त्या माणसानं खरखरत एक श्वास घेतला. त्याला नांदेडला नेलं. तो वाचला.

सगळ्यांनी जमादारांची पाठ थोपटली. ते नळाखाली हात धूत राहिले, कितीतरी वेळ.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं समन्स बजावायला धर्माबादला गेलो. काम झाल्यावर ते एका गल्लीत शिरले. उंबऱ्यात एक म्हातारी मिरच्यांची देठं खुडत बसली होती.

"अम्मा, गोळ्या चालू हायत ना?"

तिनं मान डोलावली. वर बघितलं नाही. जमादार मागं वळले.

बस स्टँडवर त्यांनी आपणहून सांगितलं. "हिचा लेक, मी आधी होतो त्या ठाण्यात, कोठडीत होता. छाती धरून खाली बसला. मी साहेबांच्या हुकमाची वाट बघत उभा राहिलो. पाव घंटा. तवर तो गेला. चौकशी झाली, माझ्यावर काही आलं न्हाई."

"अम्मांना माहीत आहे?"

"मीच येऊन सांगितलं. तवापासून बोलत न्हाई. पण येऊ नको, असंबी म्हणली न्हाई."

गाडी लागली. मी पायरीवर पाय ठेवला, तर जमादार खालीच.

"गोळ्या किती उरल्यात, ते विचारायचंच राहिलं," असं पुटपुटत ते भराभर मागं निघाले.

मी खाली उतरले आणि गाडी जाऊ दिली.