आत्याबाईंची पेटी

माझ्या पेटीत खोट काढणारा अजून जन्माला यायचाय, असं मी भर अंगणात म्हणाले होते. तेव्हा सासूबाई जिवंत होत्या.

पेटी कापशीसाठी होती. कापशी म्हणजे आमची पांढरी सशीण. पहिल्या खेपेला ती पिंजऱ्याच्या जाळीवरच व्याली आणि सकाळपर्यंत सगळी पिल्लं गारठून गेली. सशाची पिल्लं उघडी, आंधळी जन्मतात. स्वतःची ऊब धरून ठेवणं त्यांना जमत नाही. मी प्राणिशास्त्राची एम.एस्सी. अर्धापूरच्या शाळेत हेच शिकवते, आणि माझ्याच दारात हे व्हावं! ती पिल्लं मी केळीच्या बुंध्याशी पुरली आणि ठरवलं, या वेळी एकही जाऊ द्यायचं नाही.

प्लायवूड कापून पेटी केली. पुढची बाजू आईला उडी मारून आत जाता येईल इतकी ठेंगणी, पण पिल्लाला बाहेर पडता येणार नाही इतकी उंच. तळाला ओल निथळायला भोकं. कडा घासून गुळगुळीत. आत सुताराकडच्या रंध्याच्या साली आणि वर केळीचा वाळलेला पाला, बारीक चिरून.

सासूबाईंनी पेटीभोवती एक फेरी मारली.

"सशाला बाळंतिणीची खोली?"

"आत्याबाई, त्यामागे शास्त्र आहे."

"माझी दोन लेकरं कडब्याच्या गंजीमागं झाली. तिथं कोण शास्त्र घेऊन आलतं?" त्यांनी पेटीतला पाला उचलला, हुंगला, परत टाकला आणि म्हणाल्या, "न्हाई."

माझ्या भाकरीला, माझ्या रांगोळीला, मी घातलेल्या लुगड्याच्या घडीला, सगळ्यालाच त्या 'न्हाई' म्हणत आल्या होत्या. पेटीवर तरी एक 'हाव', एक होकार मिळवायचाच, असा माझा निश्चय होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या झोपेतच गेल्या. माझ्याशी बोललेला त्यांचा शेवटचा शब्द 'न्हाई' तो 'न्हाई'च राहिला.

घर माणसांनी भरलं. त्या गेल्या त्या जागी दिवा ठेवायचा होता, आणि दारातून सारखा वारा. माझी नणंद बबिताताई डोळे पुसत मागच्या अंगणात गेली आणि पेटी घेऊन आली.

"बघा काका, तिन्हीकडून आडोसा. कुणी केली गं ही?"

"मी."

"लई चांगली केलीस बाई."

त्या घरातलं माझं पहिलं कौतुक. तोवर तिनं साली आणि पाला केरात ओतला होता. आई गेलेल्या लेकीला, ही सशाची बाळंतिणीची खोली आहे, असं कोणत्या तोंडानं सांगायचं? दिवा पेटीत बसला.

चुलतसासरे दगडोबाकाकांनी सगळ्यांना बजावलं, "दहाव्यापस्तोर ह्याला कुणी हात लावायचा न्हाई. ह्या उजेडात वैनी घर हुडकत येती."

मग दिव्याशेजारी परातीत ज्वारीचं पीठ पसरून वर टोपलं पालथं घातलं. आत शिरायला एक कड विटेवर टेकवली. सकाळी पिठात ज्याचं पाऊल उमटेल, त्याच्या जन्माला गेलेलं माणूस गेलं, असं मानतात. शास्त्राच्या बाजूनं पाहिलं तर घरातले उंदीर मोजायला याहून चांगला प्रयोग नाही. मी वाती वळायला घेतल्या. मात्र त्या गडबडीत पिंजऱ्याची कडी लावायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही, माझ्यासुद्धा. आणि कापशीचे दिवस भरले होते.

सकाळी दगडोबाकाकांनी सगळ्यांदेखत टोपलं उचललं आणि ते हातात धरून तसेच उभे राहिले.

परातीत कापशी बसली होती. पीठ उकरून तिनं खळगा केला होता. त्यात वातींचा कापूस, स्वतःच्या पोटाचे उपटलेले केस, आणि पिठात घोळवलेल्या मिरच्यांसारखी सात पिल्लं वळवळत होती.

"आजवर नुसतं पाऊल दिसायचं," काका हळूच म्हणाले. "वैनी अख्खीच आली."

"आणि ही पिल्लं?" माझ्या नवऱ्यानं, देविदासनं, विचारलं.

"भावंडं हायेत तुझी. नीट बोल."

बबिताताईनं हंबरडा फोडला. बाया परातीला हात जोडू लागल्या. माझं लक्ष कडेच्या पिल्लाकडे होतं. ते घरंगळून उघड्या परातीवर पडलं होतं आणि निळसर दिसत होतं. मी हात पुढे केला.

"हात लावू नको," काका म्हणाले. "वैनीला तुझं कायबी पटत न्हाई, तुलाबी ठावं हाय."

"काका, ती गारठून मरतील. पेटीत ठेवायला हवीत."

"पेटीत दिवा हाय."

मी शरीराच्या तापमानाबद्दल सगळं समजावून सांगितलं. लोकांनी ते, भजनात मध्येच वीज गेली की माणसं जशी बसून राहतात, तसं ऐकून घेतलं. कुणी हललं नाही. पिल्लू आता पायही हलवत नव्हतं.

"काका, दिवा कशासाठी असतो?"

"वैनीला घर घावावं म्हणून."

"आत्याबाई तर आल्या ना?"

"आल्या की."

"मग आता दिवा कुणासाठी लावून राहिलात?"

काकांनी टोपलं खाली ठेवलं. "हाव," ते म्हणाले. "हे बरोबर हाय."

बबिताताईनं मात्र माझ्याकडे रोखून पाहिलं. "थांबा. ही आईच हाय, हे तू तरी मानतीस का?"

एवढ्या माणसांत प्राणिशास्त्र शिकलेली मी एकटी. पदवी नांदेडला माहेरच्या कपाटात, पिल्लू परातीत.

"मानते," मी म्हणाले.

दिवा विटेवर गेला. मी केरातून पाला निवडून आणला, पेटीत पसरला, पिल्लांचं पीठ झटकून एकेक आत ठेवलं. निळं पिल्लू पदराखाली तळहातात धरून बसले. बऱ्याच वेळानं त्यानं माझ्या बोटाला तोंड लावलं.

कापशीनं पेटीत उडी घेतली. आधी पुढच्या पायांनी माझा निम्मा पाला बाहेर फेकला. मग पोटाचे आणखी केस उपटून पिल्लांवर पांघरले.

"आईच," बबिताताई म्हणाली. "सुनेनं घातलेलं अंथरूण पहिलं झटकायची."

तेरावा झाला, पाहुणे गेले. सातही पिल्लं जगली, डोळेही उघडले. ती विकायचं मात्र घरात नाव काढता येत नाही, कारण देविदासची भावंडं विकणार कशी? बबिताताई रोज सकाळी व्हिडिओ कॉल करते, म्हणून पेटी साफ करताना मी डोक्यावर पदर घेते.

काल घरात कुणी नव्हतं. आत्याबाईंची बाज रिकामी, दिव्याच्या जागी फरशीवर तेलाचा गोल डाग. पाला बदलला आणि राहवेना म्हणून विचारलं, "आत्याबाई, पेटी चांगली झाली ना?"

कापशीनं माझ्याकडे पाहिलं आणि मागचा पाय दाणकन आपटला.

ससा असा पाय आपटतो तेव्हा तो धोक्याचा इशारा असतो, असं मी वर्गात शिकवते. आमच्या घरात त्याला 'न्हाई' म्हणतात.