नातीसाठी सागवानी खुर्ची

चिंकीला पुन्हा खरचटूसुद्धा द्यायचं नाही, असं इंदरचंदशेठनी ठरवलं होतं. आणि शेठनी एखादी गोष्ट ठरवली, की ती मोठीच व्हायची!

तीन आठवड्यांपूर्वी नशिराबादजवळ त्यांच्या मारुतीसमोर म्हैस आली. शेठनी करकचून ब्रेक मारला. म्हैस वाचली, मारुती वाचली, शेठ वाचले. आईच्या मांडीवरची नऊ महिन्यांची नात तेवढी पुढे आदळली आणि कपाळाला चार टाके पडले. गाडी शेठच चालवत होते. तेव्हापासून पोरगी खुदकन हसली, तरी त्यांना आधी टाकेच दिसत.

अमेरिकेतल्या भाच्यानं एक कागद धाडला. मोटारीत लहान मुलांसाठी वेगळी खुर्ची असते म्हणे! ती मुलाच्या मापाची हवी, पट्टे खांद्यांवरून घट्ट हवेत, बाळाचं तोंड मागच्या काचेकडे हवं. अशी खुर्ची जळगावात सोडाच, मुंबईतही सापडेना.

"सापडत नाही तर बनवू!" शेठ गरजले. "सागवानात!"

पितांबर सुतारानं माप ऐकलं, चिंकीकडे बघितलं आणि डोकं खाजवलं. "शेठ, लेकरू तर इतलंसं शे. इतली मोठी खुर्ची कसाले?"

"वाढत्या अंगाची कर! दहा वर्षं बघायला नको."

घरात फ्रॉक वाढत्या अंगाचे, चपला वाढत्या अंगाच्या, मग खुर्चीनंच काय घोडं मारलं होतं? उंच पाठ झाली, पाय ठेवायला फळी झाली, पाच पट्टे झाले. गाडीतून काढता-घालता यावी म्हणून दोन्ही बाजूंना लांब दांडेही झाले. रविवारी धुळ्याला सुनेच्या भावाचं लग्न होतं. गुरुवारी दुपारी खुर्ची हातगाडीवर चढून भर बाजारातून घराकडे निघाली.

इथंच घोळ झाला. पितांबरनं दांड्यांची खुर्ची याआधी दोनदाच बनवली होती, आणि दोन्ही वेळा ती बैकुंठी होती. जैन समाजात संथारा घेऊन, म्हणजे अन्नपाणी सोडून, देह ठेवणाऱ्याला आडवं नेत नाहीत. बैकुंठीत बसवून खांद्यावरून नेतात. आणि शेठच्या घरी वरच्या मजल्यावर त्यांचे वडील होते, घेवरचंद. वय अठ्ठ्याऐंशी. बाजाराला एवढं पुष्कळ झालं.

अर्ध्या तासात समाजाचे मंत्री रुपचंदजी पांढऱ्या कपड्यांत दारात उभे.

"तयारी वेळेवर झाली," ते खुर्चीकडे बघत हळूच म्हणाले.

शेठ फुलले. "घाईच केली. रविवारी निघायचंय ना!"

"वारसुद्धा ठरलाय?"

"सकाळचा मुहूर्त आहे."

रुपचंदजींनी हात जोडले. "घरच्यांची संमती?"

"बायको कुरकुरली. म्हणे, बांधलं की रडारड होणार. मी म्हटलं, दहा मिनिटं रडणं होईल, मग आपोआप गप्प!"

"आणि न्यायचं कुठवर?"

"धुळ्यापर्यंत!"

"खांद्यावर?"

"मारुतीत! तोंड मागं करून!"

रुपचंदजींनी भिंतीचा आधार घेतला.

तोवर ओट्यावर चाळीसेक माणसं जमली आणि नवकार मंत्र सुरू झाला. स्वयंपाकघरातून हीराबाई, शेठची बायको, बाहेर आल्या. पांढरे कपडे बघून त्यांच्या तोंडून किंकाळीच फुटली. सून पाळण्याकडे धावली. चिंकी पायाचा अंगठा चोखत होती. सुनेनं तिला उचलून इतकं घट्ट धरलं, की पोर रडायला लागली.

त्या गलक्यानं घेवरचंद जिना उतरून आले. मिशीला खिचडीचं शीत! संथारा घेतलेल्या माणसाच्या मिशीला शीत बघून मंत्र अडखळला. शेठच्या डोक्यात आत्ता कुठं उजेड पडला.

"अहो, ही चिंकीची खुर्ची आहे! मोटारीतली!"

पण म्हातारबांना ऐकू कमी यायचं. त्यांनी माणसं बघितली, दांडे बघितले, पट्टे चाचपले. मग काही न विचारता ते खुर्चीत बसले. पाठ पाठीला टेकली, पाय फळीवर आले. अगदी मापात! शेठना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते वडिलांच्या कानाशी वाकले.

"बासा, चिंकीसाठी केलीय! पुन्हा आदळू नये म्हणून!"

म्हातारबांनी हात पुढे करून नातवाच्या लेकराला, आपल्या पणतीला, मांडीवर घेतलं. तिच्या खांद्यांवरून पट्टे ओढून बघितले. चिंकी पट्ट्यांखालून अलगद सटकली. त्यांनी तिला वरच्यावर झेललं.

"हिला ही खुर्ची बसेपर्यंत मी नसेन," ते म्हणाले. "तोवर हिला कशात धरणार, इंदर?"

 चाळीस माणसांसमोर शेठचे डोळे भरून आले.

हातगाडीबरोबर आलेला पितांबर पुढे झाला. "शेठ, कापीसन धाकली करी देऊ का? शनिवारले व्हई जाई."

"कर बाबा, कर! आजच्या मापाची कर." शेठनी डोळे पुसले आणि वडिलांच्या कानाशी ओरडले, "बासा, उठा! कापून लहान करायचीय!"

घेवरचंदांनी चिंकीला शेठच्या हातात दिलं. स्वतः मात्र उठले नाहीत. दोन्ही हात दांड्यांवर ठेवून ते नीट मागे टेकले.

"हिच्यासाठी दुसरं लाकूड आणा," म्हणाले.