दगा न देणारं इंजिन

माझ्या धाकट्या बहिणीला बघायला आलेला मुलगा बापूरावांनी एका प्रश्नात नापास केला. त्यांनी विचारलं, विलायती गाडी चांगली की अमेरिकन? मुलगा बिचारा अमेरिकन म्हणाला. बापूराव उठून थेट आमच्या स्वयंपाकघरात गेले आणि आईला म्हणाले, "वहिनी, नको. माणूस दगा देणार." ते स्थळ गेलं ते गेलंच.

हैदराबादेत नारायणगुड्यात बापूराव आमचे शेजारी. नुकतेच पेन्शनीत निघालेले, घरात एकटे, दारात एक जुनी विलायती गाडी. तिचं इंजिन कधी दगा देत नाही, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. आणि ती रोज ढकलावी लागे, हे आमचं नशीब. आम्ही घामाघूम होत असू आणि हे खिडकीतून मान काढून सांगत, की इंजिन पक्कं आहे, बॅटरीला जरा पडसं झालंय.

समोर रामलिंगप्पा राहत. कानडी माणूस, अमेरिकन गाडीवाले. फाटकात उभे राहून ते दक्खनी उर्दूत विचारत, "क्या बापूराव, आज भी धक्का?" की जुंपलीच. अमेरिकन इंजिन पेट्रोल पितं की ढोसतं, विलायती इंजिन चालतं की नुसतं खोकतं. हे भांडण मिटू नये याची दोघंही काळजी घेत.

मग हैदराबाद राज्याचे भाषेवार तीन तुकडे झाले आणि रामलिंगप्पांची सरकारी नेमणूक म्हैसूरकडे गेली. त्यांनी गाडी विकली, सामान पुढे पाठवलं. बापूरावांचं जेवणावरचं लक्ष उडालं. "आता भांडू कुणाशी?" असं एकदा मला म्हणाले.  

रामलिंगप्पांना, म्हणजे आमच्या अप्पांना, स्टेशनवर मीच सोडणार, असा हट्ट बापूरावांनी धरला. त्यातली मेख सगळ्या गल्लीला कळली. यांची गाडी सुरू होईपर्यंत आगगाडी निघून जाईल आणि अप्पा निदान एक दिवस तरी राहतील. ढकलायचं ते हलक्या हातानं, असं ठरवून आम्हीही मागे उभे राहिलो.

बापूरावांनी स्टार्टर ओढला. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं.

 शेजारी बसलेले रामलिंगप्पा हळूच म्हणाले, "मान गया, बापूराव. पक्का इंजिन है तुम्हारा."

हे एक वाक्य ऐकण्यासाठी बापूरावांनी इतकी वर्षं घसा कोरडा केला होता.

"कायका पक्का, अप्पा," ते म्हणाले. "आजइच दगा दी मेरेकू."

आणि त्यांनी गाडी स्टेशनच्या रस्त्याला लावली.