हात लावू नये

मालक घाबरट नव्हते. हे त्यांचं स्वतःचं मत होतं, आणि घरात ते त्यांच्या एकट्याचंच होतं. "मी घाबरत नाही, मी खबरदारी घेतो," असं ते झुरळ दिसल्यावर खुर्चीवर उभे राहून सांगत.

तर या मालकांकडे वडिलांच्या पश्चात एक जुनी इमारत आली होती. तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या काकू, मधल्या मजल्यावर मालक आणि मालकीणबाई, सगळ्यात वर चित्रकलेचे निवृत्त मास्तर. दोन्ही भाडेकरू थोरल्या मालकांच्या वेळचे. आता मालकांची मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन इथे राहायला येणार होती, म्हणून मालकांनी सगळी इमारत तज्ज्ञाकडून तपासून घ्यायचं ठरवलं. "माझी नात या घरात पाऊल ठेवेल तेव्हा इथे धोक्याचा एक खिळासुद्धा सापडणार नाही," असं त्यांनी छातीठोकपणे जाहीर केलं. नात अजून पाऊल ठेवण्याच्या वयाची नव्हती, पण ते असो.

तपासनीस आले, खिळे सोडून भलतंच काही बघत बसले. जिन्याच्या भिंतीला धरून गरम पाण्याचा एक जाडजूड पाइप वर गेला होता आणि त्याच्याभोवती पांढरं, वाळलेल्या प्लास्टरसारखं वेष्टण होतं. त्याचा चिमूटभर नमुना त्यांनी प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर आलं, अ‍ॅस्बेस्टॉस.

मालक पाइपपासून चार पावलं मागे सरकले. या पाइपला टेकून त्यांनी लहानपणी आंबट चेहऱ्याने पाढे पाठ केले होते.

"घाबरायचं कारण नाही," तपासनीस म्हणाले. "वेष्टण शाबूत आहे तोवर ते कुणाचं काही वाकडं करत नाही. ते फुटलं, खरवडलं, त्यात कुणी भोक पाडलं, की मग त्याचे तंतू हवेत उडतात आणि छातीत जातात. म्हणून त्याला धक्का लावायचा नाही. पाइपवर सूचना चिकटवा. आणि मुख्य म्हणजे इमारतीत राहणाऱ्या सगळ्यांना सांगा. आमची माणसं येऊन ते कायमचं बंदिस्त करतील, तोवर एवढं सांभाळा."

यातलं मालकांना एवढंच ऐकू आलं की तंतू छातीत जातात. तान्ह्या बाळाची छाती ती केवढी! त्या दिवसापासून त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. डोळे मिटले की पांढरे तंतू पाळण्याभोवती घिरट्या घालताना दिसायचे.

सगळ्यांना सांगा, हा भाग त्यांनी पुढे ढकलला. बायकोला सांगितलं तर ती मुलीला कळवणार, मुलगी यायचीच नाही. भाडेकरूंना सांगितलं तर ते गाशा गुंडाळणार. त्यापेक्षा आपण एकट्याने, कुणाला पत्ता लागू न देता बंदोबस्त करावा असं त्यांनी ठरवलं.

बंदोबस्त जोरात सुरू झाला. जुन्या इमारतीत जे संशयास्पद वाटेल ते धोक्याचंच धरावं, असं तपासनीस जाता जाता म्हणाले होते. मालकांना सगळंच संशयास्पद वाटत होतं. त्यांनी लाल अक्षरात 'हात लावू नये' अशा चिठ्ठ्या केल्या आणि त्या जिन्याच्या कठड्यावर, दिव्याच्या बटणांवर, पायऱ्यांखालच्या कपाटावर आणि फाटकाच्या कडीवर चिकटवल्या. इस्त्रीच्या टेबलावरही एक लागली. फक्त पाइपवर चिठ्ठी नव्हती. पाइपवर चिठ्ठी चिकटवायची म्हणजे पाइपला हात लावायचा, आणि तेवढी हिंमत कुणाच्या बापात होती!

शिवाय पाइपला हादरा बसू नये म्हणून ते घरात जाड लोकरी मोजे घालून फिरू लागले. बोलणं कुजबुजीवर आलं.

"मास्तर, जिन्यात शिंकू नका," त्यांनी मास्तरांना गाठून कानात सांगितलं.

"का हो?"

"आपलं असंच. रस्त्यावर जाऊन शिंकत चला."

मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. चित्रकलेच्या तासाला गणिताचं पुस्तक उघडणाऱ्या मुलाकडे ते असंच बघत असतील.

मालकीणबाईंनी इस्त्रीच्या टेबलावरची चिठ्ठी फाडून टाकली. "अहो, हे काय आरंभलंय? कपडे काय डोक्यावर ठेवून इस्त्री करू?"

"तू नको करूस. काही दिवस चुरगळलेले घालू."

"पोरगी येतेय बाळाला घेऊन आणि आपण चुरगळून बसायचं?"

मालकांनी गुपचूप नवी चिठ्ठी लिहायला घेतली. रात्रंदिवस एकच भीती, की माझ्या घरात, माझ्या हलगर्जीपणाने त्या जिवाला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?

इकडे काकूंनी एका सकाळी एक दृश्य पाहिलं. मालक रबरी हातमोजे घालून, छत्रीच्या लाकडी मुठीने जिन्यातला दिवा लावत होते. काकूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बटणांवर चिठ्ठ्या, लोखंडी कठड्यावर चिठ्ठी, कडीवर चिठ्ठी, हातात रबर! त्यांनी मास्तरांना हाक मारली.

"मास्तर, इमारतीत करंट उतरलाय."

"तरीच," मास्तर म्हणाले. "पण मग सांगत का नाहीत?"

"घाबरले असतील बिचारे. आपणच बोलवू वायरमनला. बाळ येतंय घरात, थांबून कसं चालेल?"

म्हणजे बाळाची काळजी सगळ्यांनाच होती, फक्त कुणी कुणाला काही विचारत नव्हतं.

मुलगी यायची त्याच दिवशी दुपारी वायरमन आला. मालकीणबाई फाटकाशी टॅक्सीची वाट बघत उभ्या होत्या. मालक वर पाळण्याची दोरी ओढून ओढून तपासत होते. इतक्यात खालून आवाज आला. घर्रर्र!

ड्रिल मशीन.

भोक! जिन्यात! आज! मालक दाराबाहेर धावले. खाली प्रवेशापाशी वायरमन स्टुलावर चढला होता, काकू आणि मास्तर बाजूला उभे होते. वायरमन समोरच्या भिंतीवरच्या एका साध्या लाकडी फळीला भोक पाडत होता, पाइप बिचारा जिन्यापलीकडे स्वस्थ उभा होता. पण मालकांना फळी दिसली नाही, पाइपही दिसला नाही, त्यांना तंतू दिसले.

"थांबा!" कित्येक दिवसांत पहिल्यांदाच ते मोठ्याने ओरडले आणि जिना उतरू लागले.

घासून गुळगुळीत झालेल्या पायऱ्या आणि पायात लोकरी मोजे. दुसऱ्याच पायरीला मालक जे सुटले ते बसल्या बसल्या, धाड धाड धाड, खालपर्यंत. वाटेत माणूस हाताला लागेल ते धरतो. कठड्यावर त्यांचीच चिठ्ठी होती, म्हणून की काय कोण जाणे, त्यांनी पाइप धरला.

मशीन थांबलं. शेवटच्या पायरीवर बसलेल्या मालकांच्या मुठीत पांढऱ्या वेष्टणाचा भलामोठा लचका होता.

मालकांनी श्वास रोखून धरला. चेहरा लाल झाला, मग जांभळा.

"मालक," काकू हळूच म्हणाल्या, "ते आहे तिथे खाली ठेवा. आपटू नका. आणि बाहेर चला."

"वायरमन, तुम्हीही चला," मास्तर म्हणाले. "सामान राहू दे. इथे कुणी झाडू लावायचा नाही."

सगळे बाहेर आले, दार लावून घेतलं. तेवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली आणि मुलगी बाळाला घेऊन उतरली. मालकांनी आयुष्यात कुणाला घातली नसेल अशी आरोळी ठोकली. "तिथेच थांब! पुढे येऊ नकोस! माझ्या जवळ येऊ नकोस!" आणि ते रडायलाच लागले.

काकूंनी तपासनीसांना फोन लावून दिला. तपासनीसांनी मालकांना मागच्या नळाखाली आंघोळ करायला सांगितली, कपडे ओले करून पिशवीत बांधून ठेवायला सांगितलं. एवढ्याशाने माणसाला लगेच काही होत नाही, पण आमची माणसं साफ करून पाइप बंदिस्त करेपर्यंत जिना बंद, असंही म्हणाले. कोरडे कपडे वर अडकलेले. मग काकूंच्या दुकानाचं रस्त्याकडचं दार उघडलं आणि मालक कुणाच्या तरी अर्धवट शिवलेल्या, टाचण्या लावलेल्या गुलाबी गाऊनमध्ये अंगणात येऊन उभे राहिले.

"आता तरी सांगाल का, काय आहे त्या पाइपात?" मालकीणबाईंनी विचारलं.

मालकांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर मास्तर खाकरले.

"पाइपाचं आम्हाला ठाऊक होतं, मालक."

"ठाऊक होतं? कुणी सांगितलं?"

"तुमच्या वडिलांनीच. घर भाड्याने देतानाच बजावलं होतं, की त्या पाइपला धक्का लागू देऊ नका. म्हणून तर आम्ही जिन्यातून साधी खुर्चीसुद्धा आडवी नेली नाही कधी."

"मग मला का नाही सांगितलं कुणी?"

मास्तरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी गाऊनच्या टाचण्यांकडे पाहिलं.

"तेही त्यांनीच बजावलं होतं," काकू म्हणाल्या. "म्हणाले, आमच्या चिरंजीवांच्या कानावर घालू नका. त्याला कळलं, तर तो पाइप काही वाचायचा नाही."

मालकीणबाईंना हसू आवरेना म्हणून त्यांनी तोंड फिरवलं. बाळ बाहेर, मोकळ्या हवेत, आईच्या खांद्यावर छान झोपलेलं होतं. ते बघून मालकांच्या जिवात जीव आला.

"देतेस का जरा माझ्याकडे?" त्यांनी मुलीला विचारलं. "नळाखाली घासून घासून धुतलेत हात."

मुलीने बाळ खांद्यावरून काढलं, पुढे केलं, आणि मध्येच थांबून काकूंकडे पाहिलं.

"देऊ का हो, काकू?"

"दे की," काकू म्हणाल्या. "पण आधी त्यांना खाली बसू दे."