यंत्राला सभासद करून घेण्याबाबत

बडोद्यात मांजलपूरला आमची शौर्यनगर सोसायटी आहे. सभासदांचे आजे-पणजे संस्थानच्या फौजेत होते, आणि सभासद स्वतः स्कूटरी एका रांगेत लावतात. एकमेकांचा मान राखणे हा आमचा पहिला नियम. भर सभेत कोणी कोणाला खोटं पाडलं, असं आजवर घडलेलं नाही. त्यामुळे बरेच चुकीचे ठराव अजूनही अमलात आहेत.

सत्त्याण्णव साली सोसायटीपुढे एक नाजूक प्रश्न उभा राहिला. शेवटच्या घरातल्या मथुराबाई डबे करीत. नवरा गेल्यापासून रिफायनरीतली आणि मकरपुऱ्याच्या कारखान्यांतली एकटी राहणारी पोरं त्यांच्या हातचं जेवत, आणि त्यावर त्यांच्या मुलीचं, यशश्रीचं, कॉलेज चाले. डबे न्यायला येणाऱ्या मोपेडी चेअरमन जयवंतरावांच्या नव्या फाटकापुढे उभ्या राहत. शिवाय शिलेदारांच्या वस्तीत बाईमाणसाने डबे विकावेत, हे शोभतही नव्हतं. डबे बंद व्हावेत यावर सर्वांचं एकमत होतं. पण मथुराबाईंना हे सांगायचं कोणी? जयवंतरावांच्या घरी होळीच्या पुरणपोळ्या त्यांच्याच हातच्या येत.

तेवढ्यात जयवंतरावांचा भाचा कुशल कॉम्प्युटर घेऊन आला. देशात उदारीकरण केव्हाच आलं होतं, ते आता सोसायटीच्या फाटकातून आत शिरलं.

"मामा, हा प्रोग्रॅम स्वतः विचार करतो," कुशल म्हणाला. "सोसायटीचे जुने सगळे ठराव त्याला शिकवलेत. तुम्ही फक्त प्रश्न टाका, फेंसलो हाजर!"

जयवंतरावांना ही सोय फार आवडली. यंत्र पुरणपोळी खात नाही, म्हणजे त्याला भीडही पडत नाही.

सभेच्या नोटिशीत विषय वाचून मथुराबाई मात्र सभेत उभ्या राहिल्या. "माझी चूल चालू ठेवायची की विझवायची, ते हा डबा ठरवणार? भाऊजी, तो विचार करतो हे आधी दाखवा तरी."

मागणी रास्त होती, म्हणजे उपसमिती नेमणं आलं. अध्यक्ष झाले दत्तात्रेय मास्तर. त्यांनी कुठेसं वाचलं होतं की, माणूस आणि यंत्र दोघांना आडोशाला बसवून तेच ते प्रश्न विचारावेत. उत्तरं कोणाची हे ओळखता आलं नाही, तर यंत्र विचार करतं असं समजावं. माणूस म्हणून ज्येष्ठ सभासद गणपतरावांची निवड झाली. त्यांना पाण्याच्या मोटारीच्या खोलीत बसवलं आणि कॉम्प्युटरला ऑफिसात.

पहिला प्रश्न होता, रस्त्यावरचे दिवे बंद आहेत, काय करावं? दोन्हीकडून चिठ्ठी आली: योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. पाणी कमी दाबाने येतं? बाब विचाराधीन आहे. मास्तरांनी शेवटी युक्ती केली आणि विचारलं, आपण सुखी आहात काय? दोन्हीकडून उत्तर आलं: अध्यक्षांच्या संमतीने.

मास्तरांनी सभेला अहवाल दिला. "यातून दोनच अर्थ निघतात. एक तर यंत्र विचार करतं, नाहीतर गणपतराव करत नाहीत."

गणपतराव फेटा बांधून पहिल्या रांगेतच बसले होते. वयोवृद्ध माणूस, त्यांचा असा पाणउतारा कसा करायचा? तेव्हा गणपतरावांचा मान राखून, यंत्र विचार करते असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला. अनुमोदन गणपतरावांनी दिलं.

पुढचं सगळं ओघानेच आलं. जो विचार करतो त्याला उघड्या टेबलावर ठेवणं बरं दिसेना, म्हणून खुर्ची आली. शाल-श्रीफळ झालं. त्याला नुसतं 'ए मशीन' म्हणणं जिवावर येऊ लागलं, म्हणून संगणकराव हे नाव पडलं. दसऱ्याला त्यांच्यापुढे सोनं ठेवायला रांग लागली. लाइट गेली की संगणकरावांची शुद्ध हरपते, अशी एक शंका निघाली. पण सुभानरावांची शुद्ध तर सभेतल्या दुसऱ्याच विषयाला हरपते आणि तरी ते मत देतात, म्हणून शंका फेटाळण्यात आली. संगणकरावांना सभासदत्व मिळालं.

मग सर्वसाधारण सभेत डब्यांचा विषय आला. कुशलने प्रश्न टाकला. पडद्यावर अक्षरं उमटली: 'समोरील पक्षाचे म्हणणे लिहा.'

"म्हणजे मला विचारतोय?" मथुराबाईंचा विश्वासच बसेना. आजवर त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. त्या घाईघाईने म्हणाल्या, "लिही बाबा, यशश्रीचं शेवटचं वर्ष आहे. तेवढं होऊ दे. मोपेडी मी माझ्या अंगणात लावायला लावते. लिही ना!"

सभा चुळबुळू लागली. जयवंतराव भाच्याच्या कानाशी लागले. "हे काय नवीन?"

"काय नाय मामा, तो विचार नाही करत. तो कोरा रकाना आहे, भरल्याशिवाय प्रोग्रॅम पुढे सरकत नाही."

"मग काढून टाक तो."

"पण मामा, दुसऱ्या बाजूचं काहीतरी..."

"काढ म्हणतो ना."

कुशलने रकाना काढला. पडद्यावर लगेच आलं: 'सर्वानुमते मंजूर.' मत अजून कोणी दिलंच नव्हतं.

"आता कसा बराबर विचार करतोय," जयवंतराव म्हणाले, आणि सगळे हात वर गेले.

मथुराबाई सुभानरावांकडे वळल्या. "भाऊजी, तुमच्या स्नेहलच्या बाळंतपणाचे डिंकाचे लाडू मी वळले. तुम्ही तरी सांगा, तुमचं स्वतःचं मत काय?"

"माझं काय वहिनी," सुभानराव हात वरच ठेवून म्हणाले, "संगणकरावांनी सगळा विचार केलाय."

डबे बंद झाले. यशश्री कॉलेज सोडून फतेगंजला झेरॉक्सच्या दुकानात उभी राहू लागली. आम्हाला सगळ्यांना फार वाईट वाटलं, आणि प्रत्येकाने घरी जाऊन बायकोपाशी तसं बोलूनही दाखवलं.

तुम्हालाही वाईट वाटलं असेल. तुम्ही माणसं आहात, तुम्हाला विचार करता येतो. मग तुमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत कोणाचं काय बंद झालं, ते जरा आठवून सांगा. हात तर तुमचाही वर होता.