म्हसू अस्वलाच्या फटफटीचे हादरे

एका जंगलात, म्हणजे जिथे झाडं अजून शिल्लक होती अशा एका जंगलात, म्हसू नावाचं अस्वल टपाल वाटायचं. त्याच्याकडे आजोबांच्या काळातली फटफटी होती. अस्वलाला परवाना कुणी दिला, हे विचारायचं नाही. ज्याला विचारायचंय त्याने बाहेर जाऊन बसावं.

तर ही फटफटी हादरायची. साधीसुधी नाही हो. ती सुरू झाली की म्हसूचे गाल वेगळे हलायचे, पोट वेगळं हलायचं आणि टोपी डोळ्यांवर यायची. घरी येऊन गाडी बंद केली, तरी तो पुढे तासभर हलतच असायचा.

म्हसूला एक लेक होती, ठकी. तिला आई नव्हती. बापाच्या पोटावर डोकं टेकल्याशिवाय पोरीला झोप लागायची नाही, आणि पोट तर हलतंय.

"बाबा, थांबा ना," ती म्हणायची.

"थांबलोय गं केव्हाचा," म्हसू हलत हलत सांगायचा. त्याचा जीव तुटायचा.

शेवटी तो गिरजाबाई साळिंदरीकडे गेला. गिरजाबाई म्हणजे जंगलातली एकुलती एक मेकॅनिक. अंगावरच्या काट्यांत तिने पकडी, स्क्रूड्रायव्हर, हातोड्या, सगळं खोचून ठेवलेलं असायचं. तिला मिठी मारायची कुणाची छाती नव्हती, पण कामाला वाघीण होती. साळिंदर असून वाघीण. हसायचं काही कारण नाही.

"बोल्ट सैल झालेत का बघा," म्हसू म्हणाला. "तसा मी दर अमावास्येला आवळतो. आमचे आजोबा आवळायचे, वडील आवळायचे."

"तिथेच तर घोळ आहे, म्हसूभाऊ," गिरजाबाई म्हणाली. "पिस्टन वर-खाली नाचणारच, तो त्याचा धंदा आहे. पण तुम्ही तीन पिढ्या लोखंडावर लोखंड आवळत बसलात. मधे मऊ असं काही नाहीच. मग धक्का जातो कुठे? थेट तुमच्या हाडांत."

तिने इंजिन आणि फ्रेम यांच्या मधे चार ठिकाणी जाड रबर घातलं. रबरावर इंजिन डुलू नये म्हणून वरून एक दांडी फ्रेमला बांधली. फ्रेमची एक नळी तडकली होती, तिला आडवी पट्टी वेल्डिंग करून बसवली.

त्या दिवशी म्हसू घरी आला आणि खरंच थांबला. ठकी त्याच्या पोटावर क्षणात झोपली आणि घोरूही लागली. म्हसूला रडू आलं. जन्मात पहिल्यांदा त्याचे अश्रू सरळ रेषेत ओघळले.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण तुम्हाला लांब गोष्ट लागते.

दुसऱ्या दिवशी फटफटी जांभळीखालून गेली आणि एकही जांभूळ पडलं नाही. वानरं वर बघत राहिली. रानम्हशीच्या दुधाचा कॅन रोज फटफटीला बांधलेला असायचा आणि फेरी संपेपर्यंत वर लोण्याचा गोळा यायचा. त्या दिवशी नुसतं दूध परत आलं. आणि सिंहाच्या आईसाहेब कंबरदुखीसाठी रोज मागच्या सीटवर बसायच्या, त्या खाली उतरून म्हणाल्या, "आज काहीच झालं नाही."

लगेच सिंहाच्या गुहेत सभा भरली. चिटणीस होते तरस. त्यांनी ठराव वाचला. हादरे ही म्हसूची खासगी मालमत्ता नसून सबंध जंगलाची सोय आहे, असं त्यात होतं.

गिरजाबाई उभी राहिली. "महाराज, वानरांना झाडावर चढता येतं. म्हशीला मी रवी करून देते. आईसाहेबांची कंबर मी रोज चोळीन, काटे सांभाळून. पण या पोरीने झोपायचं कुठे?"

सिंहाने आयाळीने डोळे पुसले.

"मुद्दा काळजाला भिडला," तो म्हणाला. "मुलीचा शाल देऊन सत्कार करा. आणि रबर काढा."

टाळ्या वाजल्या. ठकीला शाल मिळाली. फटफटीचं चारही ठिकाणचं रबर काढलं, लोखंडावर लोखंड परत आवळलं. आता दर अमावास्येला सगळी सभा आवळायला येते.

रबर वाया गेलं नाही हं. फटफटी गुहेवरून जाताना सिंहासन थोडं थरथरायचं. त्याच्या चार पायांखाली ते अगदी मापात बसलं.

आणि ठकी? पोर हुशार निघाली. महिनाभर ती बापाच्या पुढ्यात टाकीवर बसून टपालाला गेली. आता घरी आल्यावर दोघंही सारखीच हलतात, म्हणून कुणी हलतंय असं दोघांनाही वाटत नाही. झोप छान लागते.

तात्पर्य : दुसऱ्याच्या हाडांना बसणारे हादरे हा आपल्या सर्वांचा मोलाचा ठेवा आहे, तो जपावा. आपल्या खुर्चीखाली मात्र रबर घालून घ्यावं.