कोरडी कनकी

आमच्या शेजारचे डोमाजी काका माणसाच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाहीत, थुंकीवर ठेवतात. त्यांच्या परीक्षेत सगळ्या मोहल्ल्यात सर्वांत चांगला पास झालेला माणूस मी. आणि त्या दिवशी मी खोटं बोललो होतो. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

परीक्षा अशी. समोरच्याच्या हातावर चिमूटभर कोरडी कनकी ठेवायची. कनकी म्हणजे तांदळाचा चुरा. "चाव," म्हणायचं आणि प्रश्न विचारायचा. उत्तर झालं की चावलेली कनकी पळसाच्या पानावर थुंकायला लावायची. मग चष्मा कपाळावर चढवून तपासणी. ओली निघाली तर माणूस खरा, भुकटी निघाली तर खोटा. पाहुणा असला तर कनकीच्या जागी चिन्नोरचा वासाचा तांदूळ. संशय तोच, मान वेगळा.

"जीभ बदमाश असते गा," काका म्हणतात. "थूक गरीब हाये. त्याले नाटक येत नाही."

जन्म गेला भरवेलीच्या खाणीच्या गेटवर, चौकीदारीत. येणाऱ्याजाणाऱ्याचा डबा उघडून बघायची सवय रिटायर झाल्यावर सुटेना. डबे संपले म्हणून ते तोंडांकडे वळले. त्यांच्या आजाच्या गावात चोरी झाली की पंच असेच तांदूळ चावायला द्यायचे. भीतीनं तोंड सुकतं, हे पंचांना बरोबर ठाऊक होतं. फक्त त्यांच्या काळी गावागावात तंबाखू-सुपारीचा खर्रा नव्हता.

इथं घोळ झाला. आमचा दूधवाला गालात खर्रा धरूनच यायचा. दुधात पाणी घालतो का, म्हणून काकांनी त्याला कनकी दिली, तर पानावर चक्क खीर पडली. "सच्चा हायेस बे तू," काका म्हणाले आणि त्याच पातळ दुधाचा चहा प्याले. नळवाला सच्चा निघाला, रद्दीवाला सच्चा निघाला, बायकोला मारणारा एक जण होता तोही सच्चा निघाला. शेवटी काकांनाच वास आला. नियम बदलला: "पहिले कुल्ला, मंग कनकी."

दूधवाल्यानं चूळ भरली आणि नापास झाला.

"काकाजी, तुमची मिशी पाहूनच तोंड सुकते," तो म्हणाला. "त्यात दुधाचा काय गुन्हा?"

"भेतो तोच चोर असते."

"मंग प्रश्न काकीले इचारू द्या. त्यायले कोनी भेत नाही."

काकी आत हसत होत्या. चिंचेत मीठ, मिरची, गूळ कुटून गोळे करायच्या आणि बरणी अंगणातल्या भिंतीवर उन्हात ठेवायच्या. परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला नंतर एक गोळा मिळे, पास असो की नापास. काकींना स्वतःला मात्र कधी कनकी मिळाली नव्हती. "घरच्या मान्साची तलाशी घेत नसतात," हा काकांचा कायदा.

तो कायदा मोडला, कारण काकी लग्नाच्या पंगतीतून मध्येच उठायला लागल्या. बसनं कुठं जाईनात. बोलता बोलता परसात पळायच्या. चौकीदाराच्या नजरेतून हे सुटणार कसं? मला कारण माहीत होतं. माझं औषधाचं दुकान समोरच. काकींना लघवी आवरत नव्हती. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली होती, ती त्या माझ्या दुकानात ठेवत आणि बाम घ्यायच्या निमित्तानं येऊन तिथंच पाण्याबरोबर घेत.

"पुरू, यायले सांगू नको," त्यांनी मला शपथ घातली. "हा मानूस निकाल चौकात सांगते."

गोळीनं बरं वाटलं. काकी मोठ्या उमेदीनं एकट्या लांजीला बहिणीकडे जाऊन आल्या. काकांना तोच पुरावा वाटला. इतके दिवस बसमध्ये न बसणारी बाई आज कशी गेली? त्यांनी कनकी पुढं केली.

"लांजीलेच गेलतीस?"

"हौ. अन् कुठं जातो?"

पानावर भुकटी पडली. त्या गोळीनं तोंड कोरडं पडतं. हे मला शिकवलेलं आहे, त्यासाठीच मी दुकानात बसतो.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला अंगणात बोलावलं. कुल्ला करायला लावला. कनकी दिली.

"औषधानं बी थूक सुकते म्हनते कोनी. तुही काकी तुया दुकानातून काही नेते का? हौ म्हन, पुरू. विषय खतम."

त्यांनी मला पकडायला बोलावलं नव्हतं. बायकोला सोडवायला बोलावलं होतं. मला ते तेव्हाच कळलं होतं. पण शपथ होती, आणि शपथेपेक्षा मोठी माझी जुनी सवय: कोणाच्या भानगडीत तोंड उघडायचं नाही. माझं तोंड सुकत चाललं होतं. मी भिंतीवरच्या बरणीकडे पाहिलं. चिंच, मीठ, मिरची. जिभेखाली पाणी सुटलं.

"नाही काकाजी," मी म्हणालो. "बाम नेतात फक्त."

कनकी ओलीगच्च निघाली. काकांनी ती बराच वेळ पाहिली. "तुया थुकीत इमान हाये," म्हणाले आणि पान दुमडलं.

त्यानंतर त्यांनी काकींना पुन्हा कनकी दिली नाही. मोहल्ल्याला वाटलं, म्हातारा निवळला. त्यांनी काकींना काही विचारणंच सोडलं होतं. स्वतःची खाट ओसरीत घेतली. काकी गेल्या पावसाळ्यात वारल्या, तोवर खाट ओसरीतच होती. आजारात शेवटी मात्र ते आत, त्यांच्या उशाशी बसून असत.

परवा ते दुकानात आले. खिशातून कनकी काढली, स्वतःच चावली आणि कागदावर थुंकले. भुकटी.

"पाह्य. माह्यं बी सुकलं. तिले म्हनलो होतो शेवटी, बरी होशीन, हट्टा गावची जुनी बावडी पाहाले जाऊ. माहीत होतं मले, होत नाही ते. खोटं बोललो, तवापासून असं हाये."

काकी गेल्यापासून ते झोपेसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी घेतात. माझ्याच दुकानातून नेतात. त्या गोळीनंही तोंड सुकतं. पण तेवढं सांगितलं असतं तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारलाच असता.

"वयानं होते, काकाजी," मी म्हणालो. "पाणी पीत जा."

"तिचा गोळा खाल्ला त सुटते म्हना पानी," ते म्हणाले. "पन बरनीत थोडेच राह्यले. खपतीन." आणि उन्हातली बरणी आत घ्यायची वेळ झाली म्हणून निघून गेले.

मी त्यांचं दोन वाक्यांचं देणं लागतो. तुमचं तोंड गोळीनं सुकलं आहे. काकींचंही गोळीनंच सुकलं होतं, त्या लांजीलाच गेल्या होत्या.